महाडपर्यंतची ट्रायल

आमच्या साडूंनी पहिल्या नजरेत पास केलेली वस्तू अजून या जगात तयार व्हायची आहे. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. साडूपणाचं नातं इतकी वर्षं निभावल्यावर पूर्ण शुद्धीत म्हणतोय. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते तपासणी खात्यात होते. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या कामातली खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी. स्वभावाजोगं काम मिळणं हे भाग्यच, पण ते भाग्य संध्याकाळी घरी घेऊन यायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी लावत, वाईटाला लाल, आणि ज्याच्याबद्दल मनात शंका आहे त्याला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवत. याला तिथे ‘होल्ड’ म्हणत. साडूंचा सगळा संसार या होल्डवर चालला होता. घराला कुठला रंग द्यायचा ते होल्डवर, मुलाला कुठल्या क्लासला घालायचं ते होल्डवर, आणि दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून कुठे जायचं ते तर इतक्या दिवाळ्या होल्डवर होतं, की आमच्या बायकांनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

त्यांचं लग्नसुद्धा असंच अडकलं होतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, तिला बघायला हे विठ्ठलवाडीच्या चाळीत एकदा आले, दोनदा आले, तिसऱ्यांदाही आले. तिसऱ्या खेपेलाही पोहे खाऊन, हात धुऊन, रुमालानं बोटं एकेक करून पुसून ‘कळवतो’ म्हणाले. सासरेबुवांचा चेहरा पडला. तेवढ्यात ताई पडदा बाजूला सारून बाहेर आली आणि म्हणाली, “कळवायला हा काय कारखाना आहे? पास करायचं तर आत्ता करा, नाहीतर मीच रिजेक्ट मारते.” साडूंची आई मात्र फिस्सकन हसली. तिनं डब्यातली चिमूटभर साखर घेतली, ताईच्या हातावर ठेवली आणि लेकाला म्हणाली, “हिला पसंत करायला तू कोन रं? मी केली.” साडूंच्या आयुष्यातले जे काही दोन-चार निर्णय वेळेवर झाले, ते सगळे असे त्यांच्या आईनं केलेले होते.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. अंबरनाथच्या भाजीबाजारात ते लांबून दिसले की भेंडीवाल्या बायका भेंडीवर ओलं गोणपाट टाकत, कारण साडू प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघत आणि मोडलेली भेंडी परत त्याच ढिगात ठेवत. नारळ हलवून झाला की कानाशी धरत, मग दुसऱ्या कानाशी धरत, मग मला देऊन म्हणत, “तुम्ही ऐका. तुम्हाला काय वाटतं?” नारळात पाणी आहे असं मला वाटे. त्यांना वाटे, आहे, पण समाधानकारक नाही. एकदा रंगीत टीव्ही घ्यायचा ठरला. साडूंनी उल्हासनगर, कल्याण, ठाणे अशी सगळी दुकानं पालथी घातली, प्रत्येक टीव्हीच्या मागे जाऊन आत टॉर्च मारून पाहिलं, आणि शेवटी एक टीव्ही त्यातल्या त्यात बरा म्हणून नक्की केला. तोवर कंपनीनं तो बनवायचा बंद केला होता. “बघा,” साडू विजयानं म्हणाले, “त्यांनाही कळलं काहीतरी खोट आहे ते.” ताईनं त्या दिवशी जेवताना त्यांच्या पानात आमटी जरा जोरात वाढली.

आता यावरून कुणी त्यांना चिकट म्हणेल, तर ते साफ खोटं. अडल्यानडल्याला मदत करायला साडूंचा हात मोकळा होता, आणि ती करताना ते पिवळी-हिरवी काही बघत नसत. त्यांची भीती वेगळीच होती. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो साडूभाऊ, एवढं काय? घेतलं नि फसलो तर फसलो, जग काय बुडतं?” तर ते माझ्याकडे जरा दयेनंच बघत म्हणाले, “तुमचं ऑफिसचं काम, तुम्हाला नाही कळायचं. मी हिरवी चिठ्ठी लावली की खाली सही माझी. पुढे तो व्हॉल्व्ह कुठे बसतो, कुणाच्या तोंडावर फुटतो, मला ठाऊक नसतं. पण सही माझीच असते ना?” आमच्या ऑफिसात सही दुसऱ्याची कशी येईल हेच सगळे बघत असत.

तर अशा या माणसानं एक दिवस रिक्षातून उतरता उतरता मला सांगितलं, की आपण मोठी गाडी घ्यायचा विचार करतोय. साधीसुधी नाही, ती उंच, रुंद, सात माणसं पाय पसरून बसतील अशी, बिल्डर आणि पुढारी ज्यातून उतरतात तसली. मी रिक्षावाल्याला पैसे देत होतो, ते हातातच राहिले.

कारण होतं त्यांची आई. तिला ते ‘आये’ म्हणत, म्हणून आम्ही सगळेच आये म्हणायचो. आयेचं माहेर महाडच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत. लग्न होऊन ती अंबरनाथला आली ती गिरणीतल्या नवऱ्याचा डबा करण्यात, पोरं वाढवण्यात, धम्माच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या बायका गोळा करण्यात इतकी गुंतली, की माहेरी जाणं लग्ना-मयताशिवाय झालंच नाही. पुढे भाऊही गेले आणि मयताचं निमित्तही संपलं. त्यातच ती मोरीत घसरून पडली आणि पाठीचा मणका दबला. रिक्षाचा साधा धक्का बसला तरी तिच्या डोळ्यांतून पाणी येई. एसटी तर विचारायलाच नको. आणि नेमका तेव्हापासूनच तिनं धोशा लावला, “येकदा म्हायेराला नेऊन आन मला. सगळी पोरंबाळं घे. येका गाडीत बसून जाऊ. मला चिंगी-बिंगी म्हननारी कोनतरी उरली आसंल, तिला बघून येते, मग ने मला कुटं न्यायची ती.” डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हाडं झपाट्यानं ठिसूळ होतायत, आत्ता निदान ती बसू तरी शकते, पुढच्या वर्षी बसवेल याची खात्री नाही. म्हणजे जायचं तर आत्ता, पावसाळ्यात रस्त्यांची वाट लागायच्या आधी. नाहीतर राहिलंच.

भाड्याची जीप करून बघितली नव्हती असं नाही. बदलापूरपर्यंत जाईतो आये पदर तोंडात धरून कण्हायला लागली, आणि जीप तिथूनच वळवली. जरा बऱ्या गाड्या भाड्यानं मिळत, पण त्यांच्या ड्रायव्हरांना साडू पास करीनात. एक तंबाखू खातो, एक ब्रेक उशिरा मारतो, एकाची मान एका बाजूला जरा कमी वळते. शेवटी त्यांनी ठरवलं, गाडी आपली, चालवणार आपण. चालवायचा प्रश्न नव्हता. नोकरीआधी ते काकाचा टेम्पो चालवत आणि हात अजून पक्का होता. प्रश्न एवढाच, की गाडी मऊ बसणारी हवी, म्हणजे महागातली हवी, आणि महागातली नवी झेपणार नाही, म्हणजे जुनी हवी. आणि जुनी वस्तू म्हणजे साडूंच्या दृष्टीनं आधीच कुणीतरी सही करून मोकळा झालेला माल.

अशी गाडी उल्हासनगरात एका पडद्यांच्या कापडाच्या व्यापाऱ्याकडे होती. सिंधी माणूस, साठीच्या आसपासचा, गोल चेहऱ्याचा, दुकानात झुलेलालच्या तसबिरीखाली गादीवर पाय दुमडून बसलेला. त्यानं नवी गाडी घेतली होती, आणि जुनी, बाहेरच्या देशातून आलेली ती धिप्पाड गाडी दुकानामागच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठ साडूंना चांगले ओळखत, कारण साडूंनी त्यांच्याकडून घराला पडदे घेतले होते, म्हणजे घेण्यापूर्वी पावसाळा आणि हिवाळा असे दोन मोसम ते कापड दुकानात येऊन उजेडात धरून बघितलं होतं. आम्ही गाडीचं बोलल्यावर शेठनी कपाळाला हात लावला. “साईं, पडदे में आपने छे महिना लगाया. गाडी में तो मेरा पोता आपको चाबी देगा!” तरी त्यांनी आमच्यासाठी पापड आणि पाणी मागवलं. उल्हासनगरात कुठेही जा, आधी पापड येतो, मग धंदा.

मग सुरू झालं तपासणीचं पर्व. साडूंच्या खिशात कायम एक टॉर्च, एक लोहचुंबक आणि पातळ पात्यांचं एक मोजमापाचं साधन असे. चुंबक त्यांनी गाडीच्या अंगावरून इंच-इंच फिरवला. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा जाऊन लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, हे त्यांचं शास्त्र. दारांच्या फटीत पाती घालून चारही दारं सारखी बसतात का ते पाहिलं. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून तेलाचा थेंब पडतो का बघायला दर रविवारी जाऊ लागले. पेट्रोल किती पिते या काळजीनं त्यांनी जेवण सोडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. सुटे भाग बाहेरून येणार, एखादा नाही आला तर? त्यांच्या बिल्डिंगच्या गल्लीत ती वळणार का? यासाठी गल्लीत टेप लावून मोजमाप झालं, आणि तळमजल्यावरच्या काकूंना वाटलं, पालिका आता रस्तारुंदीत त्यांची तुळस पाडतेय. त्या रडायलाच लागल्या.

बदलापूरचा त्यांचा एक मित्र होता, मूळचा शेतकरी. जमीन बिल्डरला देऊन त्यानंही अशीच एक जुनी गाडी घेतली होती. त्याच्याकडे सल्ल्याला गेलो, तर त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवून सांगितलं, “भाऊ, ही गाडी नाय, हत्ती हाय. पोसायला घाम फुटतो. पण येकदा आत बसलास ना, मंग बायकोचा पन राग येत नाय.” साडूंना हा अभिप्राय शास्त्रीय वाटला नाही. मला मात्र दोन्ही बाजू व्यवस्थित मांडल्यासारख्या वाटल्या. मी तसं म्हटलं, तर साडू म्हणाले, “बायकोचा राग आणि पेट्रोल, दोन वेगळी खाती आहेत.”

ट्रायली तर दर रविवारी. शेठ बिचारे चावी देत आणि आम्ही विठ्ठलवाडी डेपोच्या बाजूचा सगळ्यात खड्ड्याचा रस्ता मुद्दाम गाठत. साडूंनी धक्के मोजायची त्यांची स्वतःची पद्धत काढली होती. पुढच्या डाव्या सीटवर, जिथे आये बसणार तिथे, मला बसवायचं आणि माझ्या मांडीवर काठोकाठ पाणी भरलेला स्टीलचा पेला द्यायचा. पाणी सांडलं तर धक्का बसला. “आयेच्या पाठीचं हाड म्हणजे हा पेला समजा,” ते म्हणाले. मी समजलो. सगळे रविवार माझी पँट ओली असायची आणि बायको विचारायची, “तुम्ही दोघं नक्की काय करायला जाता?” एका रविवारी मात्र एवढे खड्डे पार करूनही पेला भरलेला राहिला. साडूंनी गाडी कडेला घेतली, पेला हातात घेऊन उजेडात बघितला आणि पाणी पिऊन टाकलं. हिरवी चिठ्ठी लागणार असं मला वाटलं. ते म्हणाले, “आता आयेला बसवून बघू.”

पुढच्या रविवारी गाडी आयेच्या दारात आली. सगळी बिल्डिंग खाली उतरली. आये काठी टेकत आली, नवं लुगडं नेसलेली, केसांना तेल. दार उघडलं. आयेनं पाय उचलला आणि तो पायरीपर्यंत पोचेचना. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. गाडी इतकी उंच, की पायरीसुद्धा तिच्या गुडघ्याच्या वर येत होती. साडूंनी चुंबक फिरवला होता, पाती घातली होती, टपापासून टायरपर्यंत सगळं मोजलं होतं. फक्त आयेला पाय किती वर उचलता येतो तेवढं मोजलं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तपासणीला हसत आलो होतो, आणि त्यांची चूक सापडल्यावर मला अजिबात हसू येईना. आयेच हसली. “मला चढाया येत नाय, मंग तुजी गाडी पास कशी रं?” कुणी म्हणालं स्टूल आणा, कुणी म्हणालं खुर्ची आणा. साडू मात्र भर गल्लीत एक गुडघा जमिनीला टेकून खाली बसले, दुसरी मांडी आडवी धरली आणि म्हणाले, “ठेव पाय.” आये मागे सरकली. “लेकाच्या अंगावर पाय ठिवू? याड लागलं का तुला?” “ठेव गं. हे टेस्ट झालेलं आहे. तुझ्याच दुधावर झालंय.” इस्त्रीच्या पांढऱ्या पँटवर आयेनं पाय ठेवला, ताईनं मागून आधार दिला, आणि आये आत जाऊन बसली. तळमजल्याच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

एवढं झाल्यावर कुणीही गाडी घेऊन टाकली असती. साडूंनी नाही घेतली. गावातल्या रस्त्यावर ठीक आहे, पण घाटात? उन्हात? चार-पाच तासांनी गाडी तापली तर? आकाशात ढग जमायला लागले होते, आये दिवसेंदिवस वाकत चालली होती, आणि हे अजून तराजूच धरून बसले होते. शेवटी ताईचा संयम सुटला. ती म्हणाली, “तुमचा विचार पुरा होईस्तोवर आयेला खांद्यावरून न्यावं लागेल.” असं बोलायचं नसतं, हे तिलाही कळलं. साडू उठले, चपला घातल्या आणि मला फोन केला, “चला, शेठकडे.”

दुकानात पोचल्यावर ते म्हणाले, “शेठ, एक लंबा ट्रायल लेना पडेगा.” शेठ हसले आणि त्यांनी हाकेवरच्या स्टेशनाचं नाव घेतलं. “कितना लंबा? शहाड तक?” साडू म्हणाले, “महाड तक.” मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. माझे साडू, सहीला एवढा जपणारा माणूस, भरदिवसा दुसऱ्याच्या गाडीतून आईला माहेरी न्यायला निघाले होते आणि त्याला ट्रायल म्हणत होते. शेठनी गल्ल्यातून चावी काढली आणि एवढंच म्हणाले, “घाट में आहिस्ते.”

आम्ही पहाटे निघालो. पुढे आये, मागे ताई, माझी बायको, मी आणि सगळ्यात मागे दोन्ही घरची पोरं. साडूंनी गाडी अशी चालवली, की सायकलवालेही आम्हाला मागे टाकून वळून बघत होते. आयेला एसी नको होता, वारा हवा होता. काच खाली करून ती पेण, नागोठणे, माणगाव, येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं घेत होती. पाठ दुखते का विचारलं, की म्हणायची, “गप बस, बगू दे.” चहाला थांबलो की मात्र साडूंचे हाल. टपरीवाला असो, शेंगा विकणारी बाई असो, आये काच खाली करून सांगायची, “लेकानं गाडी घेतली.” साडू कानापर्यंत लाल व्हायचे. एकदा ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ही ट्रायल नाही हो. ही चोरी आहे.” मी म्हटलं, “पेट्रोल तुम्हीच भरताय ना? मग चोरी कसली?” त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी आरसा पुसला, मग काच पुसली, मग पुन्हा आरसा पुसला.

माहेरी भावाच्या घराला कुलूप होतं. भाचे मुंबईला. आये खाली उतरली, साडूंच्या मांडीवरूनच, आणि दारासमोर जरा उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता ही रडणार. ती वळली आणि वाडीत पुढे चालायला लागली, काठी टेकत, पण कुठे जायचं ते पक्कं माहीत असल्यासारखी. पलीकडच्या एका घराच्या पडवीत एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. “कोन गो तू?” म्हातारी उठली, जवळ आली, आयेची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि ओरडली, “चिंगे! मेले, कुटं होतीस तू?” आणि मग दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. त्या म्हातारीनं आम्हा सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घातली. भाकरी एका बाजूनं करपली होती. साडूंनी ती न उलटता, न निरखता खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. ताईनं मला कोपरखळी मारून दाखवलं.

परतताना घाटात आये खिडकीतून डोंगर बघत होती. मग म्हणाली, “झालं माजं.” साडू म्हणाले, “पुन्हा येऊ की. गाडी आहे.” त्यांच्या तोंडून ‘गाडी आहे’ हे बाहेर पडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आये म्हणाली, “नको रं. येकदा बगायचं हुतं, बगितलं. आता तू सुखानं ऱ्हा.” मग ती झोपली ती पनवेल येईतो उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चावी द्यायला गेलो. गाडी आतून-बाहेरून धुतलेली, टाकी वरपर्यंत भरलेली. पापड आला, पाणी आलं, साडूंनी कशालाही हात लावला नाही. “शेठ,” ते म्हणाले, “गाडी में खोट नहीं है. एकदम पास. लेकिन मैं लेगा नहीं. जिसके वास्ते लेना था, वो जाके आई. मैंने आपको फसाया. वो ट्रायल नहीं था. माँ को मायके लेके गया था.” एवढं बोलून ते मान खाली घालून बसले. त्यांच्या तपासणी खात्यात एखाद्या नव्या कामगाराचा माल परत आला की तो असाच बसत असणार.

शेठनी पापडाचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला. “हमको पहले दिन से मालूम था, साईं. आदमी गाडी देखने आता है तो पहले बोनट खोलता है. आपने पहले आगे का सीट दबा के देखा.”

“फिर दिया क्यों?” साडूंनी विचारलं.

“हमारी अम्मां सिंध के शिकारपूर की,” शेठ म्हणाले. “बँटवारा हुआ, मैं गोद में था, तब इधर आई. पूरी जिंदगी एक ही बात, शिकारपूर दिखा दे. पहले पैसा नहीं था. फिर पैसा आया, ये गाडी आई. अम्मां उसी सीट पे बैठती थी. मैं पूछता, अम्मां, किधर चलें? बोलती, शिकारपूर. मैं अंबरनाथ तक घुमा के वापस लाता था.” ते गल्ल्यावरचं कापड उगाच सारखं करत राहिले. मग वर बघून म्हणाले, “अच्छा, आप बताओ. घर था?”

“था,” साडू म्हणाले. “ताला था.”

“कुआँ?”

“है. पानी अच्छा है.”

“किसी ने पहचाना?”

साडूंनी सगळं सांगितलं. पडवी सांगितली, तांदूळ सांगितले, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला ते सांगितलं. शेठ मध्येच थांबवून पुन्हा विचारत, कसं ओळखलं, काय नावानं हाक मारली, आधी कोण रडलं. साडू पुन्हा सांगत, काही न गाळता. दुकानात गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, गेलं, शेठनी तिकडे बघितलं नाही. मला त्या दोघांच्या मधे बसायची एकदम लाज वाटली आणि तिथून उठवतही नव्हतं. गाडीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

सगळं सांगून झालं. शेठनी चावी उचलून गल्ल्यात ठेवली.

“चलो,” ते म्हणाले, “कोई तो जाके आया.”

साडूंनी शेठच्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.